पऱ्हाटीतला आवाज

राक्षसाचा पिक्चर म्हटल्यावर तुम्ही शिंगं, दात, लाल डोळे अशी सगळी तयारी करून बसले असाल. ठेवा ते बाजूले. या पिक्चरमधी राक्षस धड दिसतच नाही. जंगलात हरवलेल्या पोट्ट्यांचा कॅमेरा कोणाले तरी सापडते, आणि त्यात जे भरलं होतं तेच आपण पाहून राह्यलो, असा सगळा मामला. कॅमेरा हलते, पोट्टे पळतात, कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास ऐकू येते. मग त्याच्या श्वासामागून दुसरा श्वास येते. घरघर, घरघर. खलास.

मी तो मोबाईलवर भर दुपारी पाह्यला. तरी पुढं कितीक दिवस मागून कोणी चालत आलं की मी थांबून त्याले आधी पुढं जाऊ देत होतो.

आता एवढी भीती एकट्यानं कशाले ठेवायची? देऊळघाटच्या रस्त्याले आमच्या वावरात कापसाची वेचणी चालू होती. मोठी आई, म्हणजे माझी मोठी काकू, आणि गावातल्या काही बाया वेचत होत्या. मी गाठोडे उचलायचो आणि आवाज काढायचो. मास्तर, कंडक्टर, बियाण्याचा दुकानदार, सगळे माझ्या घशात. बाया म्हणाल्या, पिक्चर सांग.

"मंग दिसलं काय रे ते?"

"नाही ना. नुसतं ऐकू येते."

"हा काय पिक्चर झाला बे? पैसे वापस माग."

बीटी कापसाची झाडं, आमची पऱ्हाटी, डोक्याएवढी झाली होती. बाया आपापल्या ओळीत बुडालेल्या, नुसत्या फांद्या हलत होत्या. मी घसा आवळून श्वास काढला. पहिले पळणाऱ्याचा, मग मागचा. फांद्या हलायच्या थांबल्या. एक नवी सून म्हणाली, "पुरे ना भाऊ, अंगावर काटा आला." मग तर मी आणखीनच ताणला.

दम लागला तेव्हा थांबलो. आवाज थांबला नाही.

घरघर. मधीच ओकारीसारखं काही. धुऱ्याच्या पलीकडून, बांधापलीकडच्या वावरातून.

"काय गळा हाये पोट्ट्याचा," एक बाई म्हणाली.

"मी नाही करून राह्यलो."

"हाव, तू काऊन करशीन? राक्षस करून राह्यला."

सगळ्या हसल्या. मी ओळ तुडवत मोठ्या आईसमोर गेलो आणि तोंड गच्च मिटून उभा राह्यलो. ती माझ्या मिटल्या तोंडाकडं पाहून राह्यली. आवाज पुन्हा आला.

"अबे," ती म्हणाली, "तिकडं चाचा फवारून राह्यले होते ना?"

चाचा आमचे धुऱ्याचे शेजारी. त्यांची पऱ्हाटी उशिराची, त्यात बोंडअळी, म्हणून भर उन्हात पाठीवर पंप. त्या पंपाची भणभण कधी बंद पडली, माझ्या गोंधळात कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मोठी आई पुढं, मी मागं. फांद्या तोंडावर आपटत होत्या, पुढचं सगळं हलत होतं, कानात माझाच श्वास. पिक्चर जसाच्या तसा. फक्त यात शेवटी दिसलं. चाचा कुशीवर पडलेले, पंप पाठीलेच, सदरा औषधानं भिजलेला, तोंडाले फेस. मोठ्या आईनं पंप काढला, सदरा टराटरा फाडला, मागून आलेल्या बायांच्या प्यायच्या पाण्याच्या कॅना चाचाच्या अंगावर ओतल्या. "गाडी काढ," म्हणाली.

मी फटफटी बुलढाण्याच्या दवाखान्याकडं दामटली. मधात चाचा, मागून त्यांना धरून मोठी आई. रस्ताभर ती घरघर माझ्या मानेजवळ. जरा बारीक झाली की माझा हात आपोआप गाडी आणखी पळवायचा. मागचा श्वास थांबू नये, असं मले त्या दिवशी वाटलं.

नाही थांबला. डॉक्टरनं भेटू दिलं तेव्हा मी मोसंब्या घेऊन दवाखान्यात गेलो. चाचानं बोटानं जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता.

"मी तुमाले हाका मारून राह्यलो," ते म्हणाले, "आन् तिकडून बाया म्हणतात, काय गळा हाये पोट्ट्याचा. अबे नालायका, मरता मरता मले तुझी तारीफ ऐका लागली. पुन्हा माझ्या धुऱ्यापाशी पिक्चर लावशीन तर तो पंप तुझ्या पाठीवर बांधीन. हसू नको. आन् मोसंबी काय अशी सालासकट देतेत काय बे? सोल."