मेहुण्याच्या पायातल्या माझ्या चपला

आमच्या धाकट्या मेहुण्याइतक्या परक्या चपला घालून हिंडलेला माणूस सबंध वऱ्हाडात सापडायचा नाही. दारात जो जोड पुढे असेल तो त्याचा. शेंदूरजनाघाटला एका साखरपुड्याला बूट घालून गेला आणि नवरदेवाच्या मोजड्या घालून आला. वर, जरा चावतात, अशी तक्रार. अकोल्याचा हा गडी नोकरीपायी अमरावतीत आमच्या मागच्या गल्लीत राहायला आला, तेव्हापासून माझे तीन जोड गेले. डोक्यात सदा कॉम्प्युटरचं कर्नल, म्हणजे म्हणे त्याचा अगदी आतला गाभा. भाजी संपली तरी हा रिकाम्या ताटात पोळी बुडवत बसे.

गेल्या वर्षी त्याच्यावर बिकट वेळ आली. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याच्या यंत्रासाठी त्यानं ड्रायव्हर लिहिला होता, म्हणजे कॉम्प्युटरचा हुकूम यंत्रापर्यंत पोचवणारा मध्यस्थ. एखादी बंदिस्त फाईल उघडण्यापुरते हा मध्यस्थ मोठ्या साहेबाचे अधिकार अंगावर चढवी आणि काम झालं की उतरवून ठेवी. पण अधूनमधून साध्या कामगाराच्या हाती साहेबाचे सगळे अधिकार राहून जात. का, ते कळेना. आठ दिवसांत दुरुस्त झालं नाही तर नोकरी गेली, असं त्याला बजावलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी आमच्याकडे चहाला दूध नव्हतं. माझ्या चपला अडकवून हा आणायला गेला तो परतलाच नाही. तासाभरानं मी अनवाणी त्याच्या घरी पोचलो आणि त्याला चांगलाच झापला. तो शांतपणे म्हणाला, "दूध भेटलं असतं तर तुमच्याकडंच आलो असतो ना भाऊजी. दुकान बंद होतं, म्हून सीधा घरी आलो."

आणि बोलता बोलता थबकला. चपलांकडे पाहत राहिला. मग माझे खांदे धरून मला गदागदा हलवत म्हणाला, "तो ड्रायव्हर बी असाच करून राहिला. फाईल भेटली तर वापस देते, नाई भेटली तर तसाच घरी."

काय तो उत्साह! काम फसलं की ड्रायव्हरची बाहेर पडायची वाट वेगळी होती, आणि त्या वाटेवर अधिकार उतरवायची ओळच लिहायची राहिली होती. त्यानं ती लिहिली, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि नांदगाव पेठ गाठलं. मुद्दाम फाईल काढून ठेवून वीस वेळा बटण दाबलं; वीसही वेळा कामगार कामगारच राहिला. आम्ही दोघं यंत्रासमोरच नाचलो. मी अजून अनवाणीच होतो.

त्या एका ओळीनं नोकरी वाचली, शिवाय पुण्याला बढती मिळाली. निघताना स्टँडवर म्हणाला, मोठं काम आहे, झालं की परत येतो. पायात अर्थातच माझ्या चपला. त्याचा झिजका जोड आमच्या दारात आहे. बायको झाडताना उचलते आणि पुन्हा तिथंच ठेवते. घर फार गप्प झालंय.

परवा त्याचा फोन आला. तिकडे काम जमत नाही, करमत नाही, पण असं अर्धवट सोडून कोणत्या तोंडानं यावं, म्हणत होता. मला राहवलं नाही.

"अरे, ड्रायव्हरले तूच शिकवलं ना," मी म्हणालो. "काम नाई झालं तरी वापस ये."