कोपऱ्यातली सही

आमच्या ह्यांना विचारलं, पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, तर हे आधी विचारतात, "तुझं काय म्हणणं? आईचं काय म्हणणं?" मग सगळ्यांचं ऐकून म्हणतात, "दोन्ही बाजूंनी बोलता येईल." एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, पडदा आहे तो, कोर्टातला खटला नाही. निळा की पिवळा, एवढंच सांगा." तर म्हणाले, "निळ्याला माझा विरोध असा नाही." हे ह्यांचं 'हो'. इतकी वर्षं संसार केल्यामुळे मला ते कळतं. पण त्यावर विसंबून कुणी दुकानात जाऊ नये. आम्हीही गेलो नाही, जुनेच पडदे चालू राहिले.

मूळचा स्वभाव असा नाही हं. लग्न झालं तेव्हा चांगले ताडकन बोलायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या चहाला 'कढत पाणी' म्हणाले होते. पुढचं सगळं त्या मोठ्या कंपनीनं केलं. काचेची इमारत, अकरावा मजला, गळ्यात कार्ड. हे तिथे फायनान्समध्ये. लोकांना वाटायचं, वा, सगळ्या कंपनीचा पैसा ह्यांच्या हातात. कसला पैसा आणि कसलं काय. कंपनीचा माल गावोगावी जायचा, त्या वाहतुकीच्या खर्चाच्या अंदाजाचा एक तुकडा ह्यांच्या टेबलावर यायचा. यायचा खालून, जायचा वर. ह्यांनी कोपऱ्यात बारीकशी सही करायची, कागदावर मुंगी मेल्यासारखी. खालच्यांनी बघितलंच असेल म्हणून हे सही करायचे, आणि वरचे बघतीलच म्हणूनही करायचे. पगार मात्र घसघशीत. कंपनीची गाडी आणि गाडीला ड्रायव्हरसुद्धा.

आणि मी कोण, तर ड्रायव्हिंग स्कूलवाली. दिवसभर परक्या माणसांच्या शेजारी बसून "क्लच, अहो क्लच" करून घसा कोरडा करते. निम्म्या गावाला मी गाडी शिकवली आणि माझ्या नवऱ्याला स्टिअरिंग धरता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार तो हाच.

माझ्याकडे एक बाई शिकायला यायच्या. पन्नाशी उलटलेली, तळहात खरबरीत, आवाज त्याहून खरबरीत. त्यांचा शिड्यांचा कारखाना होता. घरात माळ्यावर चढायच्या छोट्या शिड्या, रंगाऱ्यांच्या उंच शिड्या, सगळ्या अॅल्युमिनियमच्या. नवरा गेल्यावर बाईंनी एकटीनं तो चालवला, वाढवला. एकदा भर चौकात त्यांनी गाडी बंद पाडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, आणि बाई माझ्याकडे वळून शांतपणे सांगतायत, "हिशेब बघणारे काका मुलाकडे राहायला गेले हो. पैसा येतो, जातो, मधल्यामधे काय होतं मला समजत नाही. आहे का कोणी तुमच्या ओळखीत?" मी म्हटलं, "आधी गाडी सुरू करा, मग माणूस शोधू."

जेवताना मी हे घरी गंमत म्हणून सांगितलं. सासूबाई हसल्या. हे हसले नाहीत. हातातला घास हातातच. मग म्हणाले, "किती माणसं आहेत कारखान्यात?"

"असतील तीसेक."

"म्हणजे कोण आलं, कोण नाही आलं, ते कळत असेल."

मी विचारलं, असं का विचारता. तेव्हा हळूहळू बाहेर आलं. मध्ये ताप येऊन हे बरेच दिवस घरी होते ना, त्या दिवसांतले कागद कोपऱ्यातल्या सहीशिवायच वर गेले होते. कुणी अडवले नाहीत, कुणी विचारलं नाही. परत गेल्यावर शेजारचा म्हणाला, "अरे, तू सुट्टीवर होतास का?" हे सांगताना हसत होते. एवढा शहाणा माणूस, आणि असून नसून सारखाच. सकाळी उठल्यावर त्यांनी माझ्याकडे कारखान्याचा पत्ता मागितला.

मग काय, घरात रामायण. सासूबाई म्हणाल्या, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं हे वय आहे का?" शेजारणींना त्यांनी सांगितलं, मुलाची बदली झालीय. आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं स्वयंपाकघरात म्हणाल्या, "हिच्या गाडीत शिकायला आलेल्या बाईनं माझा मुलगा पळवला." मी ऐकून घेतलं. एका परीनं खरंच होतं ते.

कारखान्यात ह्यांचं टेबल कापायच्या मशीनच्या आणि गोदामाच्या मधोमध. पहिल्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि फोरमनला विचारलं, "अकाउंट्स विभाग कुठे बसतो?" फोरमन म्हणाला, "तुम्ही बसलाय तोच." पगार हेच काढणार, बँकेत हेच जाणार, विजेचं बिल हेच भरणार, प्रिंटरची शाई संपली तर तीही हेच आणणार. पगार पहिल्याच्या निम्मा. गाडी गेली, ड्रायव्हर गेला, हे बसनं जायला लागले. संध्याकाळी केसांत चंदेरी भुकटी घेऊन यायचे आणि दारातूनच बोलायला सुरुवात. आज पत्रा आला, आज अमक्या रंगाऱ्यानं शिडी परत आणली, आज बाई कुणावर डाफरल्या. इतकी वर्षं 'ऑफिसात काय झालं' विचारल्यावर 'काही नाही' म्हणणारा माणूस हा. मला तर नव्यानं लग्न झाल्यासारखं वाटायला लागलं. सासूबाईसुद्धा ऐकत बसायच्या, आपण ऐकत नाही असं दाखवून.

रविवारी मी ह्यांना गाडी शिकवायला काढलं. आमच्या स्कूलच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी दाबायचा. आमचे हे कसले विद्यार्थी, तर प्रत्येक वळणाला मला विचारायचे, "ब्रेक मारू का?" मी म्हणायचे, "पुढे म्हैस आली तरी असंच विचारणार का?" तर म्हणायचे, "तू आहेस ना शेजारी."

तर अशी गाडी रुळावर येत होती, आणि हे घडलं.

दुकानांच्या एका मोठ्या साखळीनं बाईंना ऑर्डर देऊ केली. इतक्या शिड्या, की कारखान्यानं आजवर एकदम केल्या नव्हत्या. बाई हरखून गेल्या. मागच्या मोकळ्या जागेत नवी शेड बांधायची त्यांची किती वर्षांची इच्छा. त्यांनी कराराचे कागद ह्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "नीट बघून द्या हो, तुम्हाला मोठ्या कंपन्यांचं कळतं." हे तेव्हा बँकेशी फोनवर. फोन कानाला, पानं उलटली, हात आपोआप कोपऱ्यात गेला आणि मुंगी काढून मोकळा झाला. वीसेक वर्षांची सवय ती, डोक्याला न विचारता हात चालतो. बाईंनी ती बारीक सही पाहिली. त्यांच्या दृष्टीनं आता विषय संपला. त्यांनी खाली आपली ठसठशीत सही ठोकली आणि कागद पाठवून दिले.

काही दिवसांनी पत्रा किती मागवायचा हे ठरवायला ह्यांनी करार काढला आणि पहिल्यांदा वाचला. आत अट होती. ठरलेल्या तारखेला सगळ्या शिड्या एकदम पोचल्या पाहिजेत, नाहीतर एकही घेणार नाही. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना वाऱ्यावर सोडून कारखान्यानं फक्त हेच करत बसायचं, आणि एखादं मशीन आठवडाभर बंद पडलं की सगळा माल अंगावर. बाईंच्या शेडचं सोडा, आहे तो कारखाना राहिला नसता.

त्या संध्याकाळी हे आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले. दारातून बोलणं नाही की काही नाही. मी म्हटलं, काहीतरी बिनसलंय. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "तसं पाहिलं तर शेवटची सही बाईंचीच आहे. माझी आपली कोपऱ्यात..."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "पुरे. ते कोपऱ्याचं तिथे अकराव्या मजल्यावर ठेवून यायचं होतं. तिथे तुमच्या शेजारी सतराजण ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. इथे शेजारची सीट रिकामी आहे. त्या बाईनं तुमच्या सहीकडे बघून सही केली. गाडी तुम्ही चालवत होतात."

"नोकरी जाईल," हे म्हणाले.

"जाईल तर जाईल. तीस घरांचं पोट आहे त्यावर, त्यांचं काय?"

बोलून बसले, पण मनात हिशेब सुरू झाला. ह्या वयात ह्यांना तिसरी नोकरी कोण देणार, आणि मी त्या बाईंना उद्या शिकवायला कुठल्या तोंडानं बसणार? सासूबाई आतून ऐकत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगत नव्हते? त्या आल्या, ह्यांच्या पायांतले बूट काढले आणि म्हणाल्या, "जेवून घे. सकाळी जाऊन सांग."

पुढचं मला बाईंनी स्वतः सांगितलं. "तुमचा नवरा आला, बसा म्हटलं तर बसला नाही. म्हणाला, मी न वाचता सही केली. बस्स. 'पण' नाही, 'तसं पाहिलं तर' नाही. मला इतका राग आला, हातात मोजायची पट्टी होती, फेकून मारणार होते. पण असं तोंडावर सांगणारा माणूस मी धंद्यात पाहिला नव्हता. मग म्हटलं, आता पुढे काय? तर म्हणाला, मला आजचा दिवस द्या."

हे तिथून थेट त्या साखळीच्या ऑफिसात गेले. तिथेही काचेची इमारत, तिथेही गळ्यात कार्ड. ज्या माणसाकडे ही ऑर्डर होती, त्यानं कागद समोर घेतला आणि म्हणाला, "अट नेहमीचीच आहे. माझ्या हातात काही नाही." हे मला घरी म्हणाले, "तो मीच होतो गं. फक्त केस कमी." पळसाला पानं तीनच. त्या कागदाच्या कोपऱ्यात त्याचीही एक मुंगी होती.

ह्यांनी अटीवर वाद घातलाच नाही. म्हणाले, "एवढ्या शिड्या आम्हाला वेळेत जमणार नाहीत. मग तुमच्या दुकानांत जागा रिकाम्या राहतील आणि वरचे विचारतील, ह्या लोकांना निवडलं कुणी. नव्या माणसाकडून आधी थोडा माल घेऊन बघायची पद्धत तुमच्याकडे असेलच. आमच्याकडे होती." तो म्हणाला, "आहे. पण तसं तुम्ही लिहून द्यायला हवं. आम्हाला जमत नाही, असं कुणी लिहून देत नाही."

ते खरंच आहे. ह्यांच्या जुन्या कंपनीत असं कुणी लिहिलं असतं तर लोकांनी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. हे तिथून बाहेर आले, बाईंना फोन केला. बाईंनी विचारलं, "नक्की किती जमतील?" ह्यांनी आकडा सांगितला. मग म्हणाल्या, "लिहा." हे परत आत गेले आणि लिहून दिलं, एवढ्या जमणार नाहीत, एवढ्या नक्की जमतील. खाली सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट, कागदाच्या मध्यावर. मला म्हणाले, "दोनदा वाचून मग सही केली. माझ्यानंतर कुणी बघणार नव्हतं ना."

उत्तर यायला वेळ लागला. तोवर घरात आम्ही तिघंही एकमेकांशी फार गोड बोलत होतो, म्हणजे काय ते समजा. शेवटी मान्य झालं. थोडा माल, सोपी अट, जमलं तर पुढे बघू. कारखाना वाचला. बाईंची शेड मात्र राहिली. पुढे बरेच दिवस बाई ह्यांना नेहमीसारखं 'भाऊ' न म्हणता 'साहेब' म्हणत होत्या, आणि ते ह्यांना पट्टीच्या मारापेक्षा जास्त लागत होतं. मग एक दिवस बाईंनी एक कागद आणला, ह्यांच्यासमोर ठेवला आणि स्वतः समोर स्टूल ओढून बसल्या. ह्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "हे करू नका." बाईंनी कागद फाडला. म्हणाल्या, "चहा घेणार का, भाऊ?"

ह्यांना लायसन्स मिळालं, त्यानंतरचा पहिला रविवार. गाडी तीच, स्कूलची. हे स्टिअरिंगवर, मी शेजारी. बाजारातल्या वळणाला समोरून टेम्पो आला आणि सवयीनं म्हणाले, "ब्रेक मारू का?" मी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले. माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर माझंच लायसन्स गेलं असतं. ह्यांनी एकदा माझ्या पायांकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि गाडी अशी अलगद थांबवली, की माझ्या मांडीवरची पिशवीसुद्धा हलली नाही. टेम्पो निघून गेला. गाडी पुन्हा चालायला लागली तेव्हा समोर बघतच म्हणाले, "पडदे पिवळे घेऊ."

घेतले. खिडकीला लावले पण. मला पिवळा रंग मुळीच आवडत नाही.