गणित सोडते की सोडवते

बारावीच्या वर्षी आमच्या घरात वेळापत्रक एकच होतं आणि ते माझं नव्हतं. बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. एक आठवडा पहिली पाळी, एक दुसरी, एक रात्रपाळी, की पुन्हा पहिलीपासून. आम्ही कळंबोलीला वन रूम किचनमध्ये राहायचो, त्यामुळे बाबांची जी पाळी तीच घराची पाळी. ते झोपलेले असले की आई कुकरसुद्धा लावायची नाही, भात पातेल्यात शिजायचा.

माझी पंचाईत अशी, की मला गणित तोंडाने बोलल्याशिवाय सुटायचं नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि अकरावीला धाडकन सगळं इंग्रजीत. बाकीचे विषय घोकून रेटता यायचे. गणिताची प्रत्येक ओळ मात्र मी आधी स्वतःला मराठीत सांगायचे, मगच ती डोक्यात शिरायची. हा एक्स पलीकडे ने, नेलास का, मग चिन्ह कोण बदलणार, तुझा काका? आता डेरिव्हेटिव्ह काढ. अगं बाई, कंस सोडवायचा राहिला. असं सगळं, आणि तेही ठसक्यात. शेजारच्या काकूंनी एकदा आईला विचारलं होतं, तुमची लेक शिकवण्या घेते वाटतं.

मी गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलं होतं. आईला डॉक्टर हवी होती, मला काय हवं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं, म्हणून दोन दगडांवर पाय. कॉलेज दुपारचं, क्लास संध्याकाळी, आणि रात्री जागायची माझी ताकद नाही, आजही नाही. म्हणजे अभ्यासाला सकाळच काय ती उरायची. बाबा पहिल्या पाळीला असले की सकाळी घर मोकळं. दुसऱ्या पाळीला असले की ते जागेच असायचे. रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र मी पुस्तक उघडायला आणि बाबांनी अंथरुणावर पडायला एकच वेळ यायची. त्या आठवड्यात बायोलॉजी वाचायची, केमिस्ट्री लिहून काढायची, गणित बंद. आणि गणित आठवडाभर ठेवलं की शिळं होतं. पुढचा आठवडा मागचं आठवण्यातच जायचा.

उपाय करून पाहिले. गच्चीला सोसायटीच्या सेक्रेटरीने कुलूप घातलेलं. जिन्यात बसले तर येणारा-जाणारा प्रत्येकजण थांबून अभ्यास कसा चाललाय विचारणार. गॅलरीत लोखंड बाजाराच्या ट्रकांचे हॉर्न. त्यांच्या वरताण आवाज काढला की आतून बाबांचा खोकला ऐकू यायचा. शेवटी मी किचनच्या दारात बसून पुटपुटायला लागले. बाबा कानात कापसाचे बोळे घालून झोपायचे, तरी माझं पुटपुटणं सुरू झालं की कूस बदलायचे. ओरडले मात्र कधी नाहीत. एकदा खेकसले असते तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द उलटून बोलता आले असते.

मग एका सकाळी ते कंपनीच्या बसमध्ये झोपले आणि कळंबोलीला उतरायचं सोडून थेट पनवेलला पोचले. घरी येऊन हसत सांगत होते. त्याच आठवड्यात आईला त्यांच्या एका मित्राच्या बायकोकडून कळलं, की ड्यूटीवरही त्यांचा डोळा लागला होता आणि सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं होतं. ते त्यांनी हसत सांगितलं नव्हतं. केमिकलच्या पंपाशेजारी डुलकी लागणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणी कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यातच युनिट टेस्टमध्ये गणितात आपटले. क्लासचे सर म्हणाले, ड्रॉप कर, गणिताच्या जागी मराठी घे, टेन्शन जाईल. तशी कॉलेजात सोय होती आणि मुदतीचे दोनच दिवस उरले होते. मला गणित आवडायचं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, कारण मार्क तसे नव्हते. पण एखादं उदाहरण सुटलं की दिवसभर मी खूश असायचे आणि बायोलॉजीने मला असं कधी खूश केलं नाही. तरीही आईला म्हटलं, मी गणित सोडते. बाबांना विचारून ये.

बाबा नुकतेच रात्रपाळीवरून येऊन आडवे झाले होते. आईने त्यांच्या खांद्याला हात लावून सांगितलं, "अहो, ती गणित सोडते म्हणतेय."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "सोडवते तर सोडवू दे की. त्यात मला काय विचारायचं?"

आई किचनमध्ये आली. मी म्हटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही, कापूस आहे कानात. ती म्हणाली, मग काय, परत उठवू त्यांना? परत उठवायची माझी हिंमत नव्हती. आईची तर मुळीच इच्छा नव्हती, डॉक्टरचं स्वप्न असूनही नव्हती, आणि याचं मला तेव्हा नवल वाटलं.

संध्याकाळी चहा पिताना बाबा स्वतःच मला म्हणाले, सकाळी आईला काय विचारायला लावलंस गं, सोडव की गणित, मोठ्याने बोल की, मी काय तान्हं बाळ आहे दचकायला? आईने माझ्याकडे पाहिलं. मी बशीतला टोस्ट बुडवला आणि बरं म्हटलं. दुसऱ्या, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी कॉलेजात गेले, सगळे तास वर्गात बसले आणि ऑफिसच्या दिशेला फिरकले नाही.

पुढे रात्रपाळीच्या आठवड्यातही गणित होत राहिलं. पहिले काही दिवस जीव मुठीत धरून बोलायचे. मग बाबा घोरायला लागले आणि मी रागवायलासुद्धा लागले, म्हणजे गणिताला. ड्यूटीवर पुन्हा डुलकी लागल्याचं ऐकलं नाही. बोर्डात मार्क बरे पडले, पेढे वाटण्याइतके. पण त्याआधीची एक सकाळ जास्त लक्षात आहे.

परीक्षा संपून आठवडा झाला होता. पुस्तकं मी खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकली होती. बाबा रात्रपाळीवरून आले, जेवले, आडवे झाले. घरात चिडीचूप. बराच वेळ ते या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिले. मग उठून बसले. कानात कापूस नव्हता.

"आज काही सोडवायचं नाही का?"

"परीक्षा संपली, बाबा."

"ते माहितीये मला. सोडव काहीतरी. झोप लागत नाहीये."

पुस्तक नव्हतं. मी किचनच्या दारात माझ्या जागी बसले आणि एकोणतिसाचा पाढा म्हणायला लागले. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. पाढा संपायच्या आत बाबा घोरायला लागले. तरी उगाच जाग यायला नको, म्हणून मी तिसाचाही म्हटला.