‘मागं’ आणि ‘माघारी’

समोरचा माणूस काय सांगतोय यापेक्षा तो शब्दांच्या शेपट्या कशा जोडतोय, याकडं आक्कांचं लक्ष असायचं. मान जराशी तिरकी करून त्या ऐकत आणि ‘घराकडं’, ‘घरापाशी’, ‘घराला’ असलं काही कानावर आलं की त्यांचे डोळे चमकत. एकदा मी बरोबर असताना निपाणी स्टँडवर चिकोडीची गाडी गच्च भरली होती. कंडक्टर ओरडला, ‘‘आक्का, तुमी मागनं या!’’ आक्कांनी पायरीवरचा पाय तसाच ठेवला. ‘‘मागनं म्हणजे मागल्या दारानं, का मागल्या गाडीनं?’’ सगळी गाडी खोळंबली. कंडक्टरनं हात जोडले. ‘‘कसंबी या, पर दार सोडा!’’ मागली गाडी येईपर्यंत आम्ही दोघी स्टँडवर उभ्या होतो आणि आक्का खुशीत होत्या. ‘‘बघ गं, एकाच शब्दात जागा पण आणि वेळ पण. त्याला फरक पडत न्हाय, पण आपली गाडी चुकली.’’

आक्का म्हणजे बेळगावच्या कॉलेजात आम्हाला संस्कृत शिकवणाऱ्या बाई. मूळच्या निपाणीच्या, तंबाखूचा व्यापार करणाऱ्या जैन घरातल्या. आईशी कन्नड, गल्लीत मराठी, वर्गात संस्कृत असं त्यांचं तीन चुलींवरचं जगणं. लग्न केलं नव्हतं. बेळगावात दोन खोल्यांच्या घरात त्या आणि त्यांची आई राहत. आईला सगळे अव्वा म्हणत. कॉलेजात ‘बाई’ म्हणायचं आणि घराचा उंबरा ओलांडला की ‘आक्का’, हा नियम त्यांनीच घातलेला.

मी त्या उंबऱ्याच्या आत गेले ती एका माशीमुळं. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आक्कांनी विचारलं, ‘‘माशी टेबलावर बसली, माशी भिंतीवर बसली. मग तीच माशी वर उडाली तर छतावर बसली असं का म्हणत नाही? छतावर म्हटलं की ती थेट कौलांवर जाते. आपण म्हणतो, छताला बसली. का?’’ वर्ग हसला. मी निपाणीजवळच्या खेड्यातली, बोलायला भिणारी. तरी तोंडातून निघून गेलं, ‘‘बाई, ‘वर’ म्हणजे टेकलीया. ‘ला’ म्हणजे धरून ऱ्हायलीया.’’ आक्कांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, ‘‘चौगुले, रविवारी घरी ये.’’

त्या रविवारी त्यांनी माझ्यापुढं एका दगडाचं चित्र ठेवलं. आजच्या तुर्कस्तानात आणि सिरियाच्या उत्तरेला तीन हजार वर्षांपूर्वी लुवियन नावाची भाषा बोलत. तिथले राजे दगडांवर चित्रलिपीत लेख कोरून ठेवत : हात, पाऊल, जनावरांची तोंडं. लेखाच्या सुरुवातीला बहुधा एक माणूस स्वतःच्या तोंडाकडं बोट दाखवत असतो. त्याचा अर्थ ‘मी’. पुण्यात शिकत असताना बाहेरदेशातून आलेल्या एका प्राध्यापकांकडून आक्का ही लिपी शिकल्या होत्या आणि तेव्हापासून पगारातला निम्मा भाग त्या चित्रांच्या पुस्तकांवर घालत होत्या. पहिली ओळ उजवीकडून डावीकडं, दुसरी डावीकडून उजवीकडं. मी म्हणाले, ‘‘हे तर नांगराचे बैल वळवल्यासारखं हाय.’’ आक्कांनी आत हाक मारली, ‘‘अव्वा, इकडं ये! हिला कळलं!’’

पुढची कितीतरी वर्षं आमचे रविवार तिथंच गेले. बी.ए. झालं, बी.एड. झालं, लग्न झालं, मी चिकोडीच्या हायस्कूलात लागले, पण रविवारची बेळगावची गाडी सुटली नाही. अव्वांचा नियम कडक होता. दिवस मावळायच्या आत जेवण. आम्ही एखाद्या खुणेवर अडून बसलेल्या असू आणि अव्वा दारात उभ्या राहून कन्नडमध्ये म्हणत, ‘‘तुमचा राजा मेलाय, तो थांबेल. सूर्य थांबत नाही.’’ मग पानांवर ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगाची चटणी. मला लेकीच्या आधी वाढत.

आक्कांचा जीव होता शब्दयोगी अव्ययांवर. ‘‘नामाकडं आणि क्रियापदाकडं सगळं जग बघतंय,’’ त्या म्हणत. ‘‘ही बारकी पोरं पंगतीच्या टोकाला बसलेली असतात. त्यांना कोण वाढणार?’’ लुवियन लोकही आपल्यासारखं आधी नाम आणि मग अव्यय लावत, याचा त्यांना कोण अभिमान. एक शब्द होता, अपन. ‘आपण’ नव्हे; त्याचा अर्थ ‘मागे’. तो दगडांवर निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेला सापडे. कधी सगळी अक्षरं सुटी कोरलेली, कधी ‘मागे’ या अर्थाची एकच खूण आणि तिच्या शेपटीला ‘ना’, तर कधी त्याच खुणेला ‘नी’. आक्कांचं मत ठरलेलं होतं. ‘‘कोरणाऱ्याची लहर. माणूस आहे, दगड कडक आहे, हात दुखतोय. जे सोपं ते लिहिणार.’’

अशाच एका वर्षी माझी आई गेली. तंबाखूच्या रानात जन्म काढलेली बाई. शेवटी दम लागून आडवंही होता येईना. धाकट्या भावाला तिनं शेवटचं धड वाक्य सांगितलं ते असं : ‘‘माज्या मागं उशी लाव रं, आन् माज्या माघारी भनीशी भांडू नगंस.’’ दिवसकार्य उरकून मी आक्कांकडं गेले. त्यांना हे वाक्य सांगितलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी केसांवरून हात फिरवला. तेव्हा मला वाटलं होतं, आता आई नाही, पण आक्का आहेत.

पुढं काही रविवारांनी आम्ही एक शाप वाचत होतो. ते राजे लेखाच्या शेवटी हमखास शाप घालतात. जो कुणी माझं नाव खोडील त्याला देव बघून घेतील. त्या लेखात ‘नी’वालं अपन होतं. आक्कांनी अर्थ लावला, ‘‘जो माझ्या मागे उभा राहून नाव खोडील.’’ मला ते पटेना. राजा लेख लिहितोय आणि मागं उभा राहून कोण खोडील? एकदम आईचा दम लागलेला आवाज कानात आला. मी म्हणाले, ‘‘आक्का, हे ‘मागं’ न्हवं. हे ‘माघारी’ हाय. ‘ना’ म्हणजे पाठीमागं, उशी असती तिथं. ‘नी’ म्हणजे मी नसताना.’’

‘‘तुझी आई लुवियन नव्हती गं,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘नुसत्या अक्षरांच्या फरकावर अर्थ तोलू नकोस. तोंडावर पडशील.’’

मी ऐकलं नाही. मिळाली तितकी वाक्यं गोळा केली. ‘ना’ला लाल रेघ मारली, ‘नी’ला हिरवी. शाळेतून आल्यावर, स्वयंपाकाआधी, पोरांच्या परीक्षेच्या पहाऱ्यावर बसूनसुद्धा तेच. जवळजवळ सगळीकडं जमलं. दोन दगड तेवढे आडवे आले. त्यांवर ‘ना’ होतं आणि अर्थ मात्र ‘माघारी’ असाच हवा होता. तक्ता आक्कांपुढं ठेवला तर त्यांनी चष्मा पुसून तो बराच वेळ बघितला. ‘‘ठेव इथं,’’ म्हणाल्या. ‘‘हे दोन दगड सुटल्याशिवाय कुणाला बोलू नकोस.’’ मी बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

मग एक दिवस त्यांच्या कॉलेजातल्या ग्रंथपालांनी मला मोबाइलवर लिंक पाठवली. ‘तुमच्या बाईंचं परदेशातल्या परिषदेत भाषण आहे. ऑनलाइन. बघा.’ आक्का मला काही बोलल्या नव्हत्या. विसरल्या असतील, असं म्हणत मी शिक्षक-खोलीत पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून बसले. सोबतच्या बाईंनाही बोलावलं. म्हटलं, या, माझ्या गुरू बघा.

पडद्यावर माझा तक्ता आला. लाल आणि हिरव्या रेघांसकट.

तरी मी थांबले. आता नाव घेतील, म्हणून थांबले. आक्का इंग्रजीत सांगत होत्या, संथ, सुरेख. ‘‘माझ्या गावाजवळ रानात राबणारी एक म्हातारी मरताना मुलाला म्हणाली...’’ आणि त्यांनी माझ्या आईचं वाक्य मराठीत म्हणून दाखवलं. तसंच, ‘आन्’वर दम घेऊन. मी त्यांना रडत जसं सांगितलं होतं, अगदी तसंच. खिडक्या-खिडक्यांतली परकी माणसं कौतुकानं हसली. एकानं विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? आक्का म्हणाल्या, ‘‘मी आजूबाजूचं ऐकत राहिले.’’

शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘‘लई हुशार हाईत की तुमच्या बाई.’’

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी मी रजा टाकून बेळगाव गाठलं. आक्का दारातच होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

‘‘ऐकलंस?’’

‘‘ऐकलं. आक्का, हे खोटं हाय असं तुमीच म्हणाला होतासा.’’

‘‘म्हणाले होते.’’

‘‘मग माझं नाव?’’

आक्का खुर्चीत बसल्या. ‘‘तुझं नाव घातलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, ही कोण? हायस्कूलातली मास्तरीण. पीएच.डी. न्हाय, काही न्हाय. पुढचं कुणी ऐकलं नसतं. माझं नाव आहे म्हणून ती गोष्ट दहा माणसांपर्यंत गेली. गोष्ट जगली पाहिजे की नाव?’’

‘‘दोन्ही जगली असती. तुमी माझा हात धरून सांगितलं असतासा तर लोकांनी ऐकलं असतं.’’

‘‘आणि ती लिपी तुला कुणी दाखवली?’’ त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. ‘‘मी नसते तर तुला त्या दगडावर नुसती चित्रं दिसली असती.’’

ते खरं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हणाले, ‘‘दगडाचं ठीक हाय. माझी आई का नेलासा?’’

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. अव्वा आतून आल्या, काय चाललंय ते बघितलं आणि मला म्हणाल्या, ‘‘ऊट माडु बा.’’ जेवायला चल. त्या घरातून न जेवता मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडले. उन्हं अजून वर होती.

रविवार रिकामे झाले. बरेच महिने गेले आणि एका संध्याकाळी आक्कांचा फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. ‘‘लेख छापायला गेलाय. परीक्षक त्या दोन दगडांवर अडलाय. तुझ्याकडं उत्तर असणार.’’

होतं. त्या दगडांचे नवे, स्वच्छ फोटो मी मधल्या काळात इंटरनेटवर बघितले होते. एका दगडाचा टवका नेमका त्या अक्षरावर उडाला होता. जुन्या चित्रात कुणीतरी अंदाजानं ‘ना’ काढलं होतं. दुसऱ्यावर तर सरळ ‘नी’च होतं. मी गप्प राहिले असते तर आक्का तोंडावर पडल्या असत्या. पण त्यांच्याबरोबर माझं ‘माघारी’ही पडलं असतं, आणि ते तर खरं होतं. मी सांगितलं. खरं माहीत असताना चुकीचं चालू द्यायचं नाही, ही खोड मला लागली ती त्यांच्याच घरात.

‘‘शहाणी गं माझी,’’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

लेख आला. शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत चर्चेबद्दल आभार होते. मगदूमांची सून होऊन मला जमाना झाला. शाळेत, बँकेत, आधारवर, सगळीकडं मी मगदूम. तिथं छापलं होतं, उज्ज्वला चौगुले. त्या नावाची बाई आता कुणी शोधू म्हटलं तरी सापडणार नाही. आक्कांनी ते मायेनं लिहिलं की मुद्दाम, हे मी अनेकदा मनात घोळवलं. त्यांच्या लेखी मी अजून दुसऱ्या वर्षातलीच असेन, असं एक मन म्हणे. पण अक्षराच्या एका शेपटीवरून शापाचा अर्थ फिरतो हे जगाला सांगणाऱ्या बाईला एका आडनावानं काय होतं ते ठाऊक नव्हतं, यावर दुसऱ्या मनाचा विश्वास बसत नसे.

आक्का गेल्या वर्षी अचानक गेल्या. हृदयविकार, दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. कॉलेजनं शोकसभा ठेवली आणि प्राचार्यांचा मला फोन आला. ‘‘बाईंचा तो शोध आमच्यातल्या कुणाला नीट सांगता येणार नाही. तुम्ही त्यांच्या जवळच्या विद्यार्थिनी. दोन शब्द बोलाल?’’

मी बोलले. दगड सांगितले, ‘ना’ सांगितलं, ‘नी’ सांगितलं, टवका उडालेलं अक्षरही सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘‘ते वाक्य माझ्या आईचं होतं.’’ सभागृहात कुणीतरी हळहळलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. त्यांना वाटलं, गुरूंनी शिष्येच्या आईची आठवण जपली. प्राचार्यांनी आभार मानताना तसं म्हटलंही.

अव्वा पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, पांढऱ्या लुगड्यात आक्रसून गेलेल्या. मराठी भाषणातलं किती कळलं असेल कोण जाणे. मी पाया पडायला वाकले तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, ‘‘अदु निंदे अंत हेळतिद्दळु.’’ ते तुझंच आहे असं म्हणायची ती.

मी तशीच खाली त्यांच्या पायाशी बसले. ‘‘कधी म्हणायच्या, अव्वा?’’ मी कन्नडमध्ये विचारलं.

‘‘जेवताना. तू यायची बंद झालीस, त्या दिवसापासून.’’

‘‘आणखी कुणाला सांगितलं होतं?’’

मी काय विचारतेय तेच त्यांना उमगलं नव्हतं.

‘‘मलाच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरात दुसरं कोण होतं?’’