सही दत्ताभाऊंची, पाट्या माझ्या

दत्ताभाऊ गेल्याचं त्यांच्या शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलं, तेव्हा मी डोंबिवलीत दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून खुर्चीत बसलो. दुःखाच्या आधी मनात आलं ते असं, की आता ते कुणाला सांगणार नाहीत... हे लिहायची लाज वाटते, पण आज तेवढ्यासाठीच लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकात रशियाकडून आपल्या नौदलात एकाच बांधणीच्या क्षेपणास्त्रधारी विनाशिका एकामागून एक आल्या. पाइप, वाल्व, मीटर, सगळ्यांवर रशियन पाट्या. त्या काढून इंग्रजी पाट्या बसवायचं काम गोदीत आम्हा दोघांकडे होतं. मी नवा, नोकरी अजून कायम नव्हती. जुजबी रशियन शिकलेलो, म्हणून दत्ताभाऊ मला 'मास्तर' म्हणत. ते ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले, वयाने बारा वर्षांनी मोठे फिटर. त्यांचा नियम होता, एक पाटी काढली की तिथेच दुसरी लावायची, मगच पुढचीला हात. होडीवर दोर असाच बदलतात, एक बांधल्याशिवाय दुसरा सोडत नाहीत, असं ते सांगत. मी पाटी लावायची, त्यांनी पाइपावर हात फिरवत शेवटापर्यंत जायचं आणि मग सही करायची.

पहिल्या जहाजावर तसंच केलं. दुसरं आलं तेव्हा मला वाटलं, सगळं तोंडपाठ आहे. ते हसून म्हणाले, "मास्तर, बहिनी दिसाला सारख्या, पन दोघींचा मिठाचा डबा येकाच फलीवर नसतो."

त्या शनिवारी मला कल्याणला मुलगी बघायला जायचं होतं. ते जेवायला गेले असताना मी एका कप्प्यातल्या सगळ्या पाट्या एकदम काढल्या आणि पहिल्या जहाजाच्या आठवणीवर नव्या ठोकल्या. परत आल्यावर त्यांनी विचारलं, पाइप धरून बघितलंस ना? मी हो म्हणालो. ते पाइपाकडे वळले, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि सही केली. "जा, पोरगी वाट बघत आसंल."

पोरगी पसंत पडली. तिसऱ्या आठवड्यात जहाजावर आगीची कवायत झाली. आग विझवायच्या होजची पाटी असलेला वाल्व एका खलाशाने उघडला आणि पाणी होजमध्ये न येता क्षेपणास्त्रांच्या कोठारात शिरलं. होजची आणि कोठाराची पाटी मी उलटसुलट ठोकली होती. आत एक तरुण खलाशी तपासणी करत होता. कवायतीमुळे दार बाहेरून बंद. त्याचे ठोके ऐकू येत होते आणि कुणाला दार उघडता येत नव्हतं, कुणाला वाल्व सापडत नव्हता... दार उघडलं तेव्हा पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं होतं. तो वाचला.

चौकशीच्या खोलीत पंखा बंद होता. टेबलावर सहीचा कागद. दत्ताभाऊ म्हणाले, "सही माजी हाय. मी बघितला नाय." मी काय सांगितलं होतं, हे ते बोलले नाहीत. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? माझी लग्नपत्रिका छापायला गेली होती.

"नाही, सर."

त्यांना जहाजावरून काढून भांडारात बसवलं, बढती कायमची थांबली. मी पुढे अधिकारी झालो. वर्षातून एकदा तरी ते म्हणत, या की घरी, मावरं खायला. मासळीच्या त्या जेवणाला मी कधीच गेलो नाही. दोनदा सगळं सांगायचं ठरवून ठाण्याच्या टेंभी नाक्यापर्यंत गेलो आणि तिथून परतलो.

त्यांच्या बाराव्याला गेलो. हात धुवायला वहिनींनी, दत्ताभाऊंच्या पत्नीने, मागच्या मोरीवर नेलं. तिथे दोन नळ होते आणि दोन्हींवर एकेक रशियन पाटी, ब्रासो लावून लखलखीत. त्याच दोन, होजची आणि कोठाराची. शेकडो पाट्या भंगारात गेल्या, त्यातून नेमक्या या दोन त्यांनी उचलल्या होत्या.

"येक नगरपालिकेचा, येक हिरीचा," वहिनी म्हणाल्या. "ते बोलायचे, होजची पाटी नगरपालिकेला, कोठाराची हिरीला, मास्तर आला की त्यालाच इचारीन, बराबर लावल्यात का."

मी दोन्ही नळ उघडले. वाकून एकेक ओंजळ प्यायलो. होजच्या पाटीखाली गोड, कोठाराच्या पाटीखाली मचूळ.

"बरोबर आहेत, वहिनी. चुकीच्या होत्या त्या मी लावलेल्या... जहाजावर."

त्यांनी हात पुढे करून आधी एक नळ बंद केला, मग दुसरा.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "चला, पान वाढलंय."