पाणमांजरीच्या शेजारी

निरोप आला तेव्हा मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. माझ्या मोठ्या जाऊबाई, मंजुळाबाई, गेल्या... दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. रडले तर खरंच, पण रडता रडता त्यांची ती पाणमांजर आठवली आणि मला चक्क हसू फुटलं. निरोप्या बिचारा गोंधळलाच.

गोष्ट पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. आम्ही ढिवर, वैनगंगेकाठचे. चैतात नदी आटून नुसते डोह उरले की घरंच्या घरं वाळूत उतरायची, एकेका डोहाकाठी मांडव घालून मृगापर्यंत तिथेच राहायची. मासे धरायचे, सुकवायचे. डोह एकदा निवडला की निवडला. मध्येच आटला तर दुसऱ्यांच्या डोहावर जागा मिळत नसे, आणि त्या साली आम्हा दोघींच्याही कडेवर तान्ही पोरं होती.

पाणमांजरांचंही तसंच. अख्खी टोळी, पुढे एक म्हातारी, मागे पिल्लं, उन्हाळ्यासाठी डोह शोधत यायची. त्या साली म्हातारी रुंद डोहात थोडी डुंबली आणि सगळं बिऱ्हाड घेऊन खडकाखालच्या चिंचोळ्या डोहात निघून गेली. भाऊजी, म्हणजे मंजुळाबाईंचे मालक, खूश! पाणमांजर म्हणजे मासे खाणारा, जाळी फाडणारा चोर. चोरांनी सोडलेला डोह, म्हणजे मासे सगळे आपले. त्यांनी रुंद डोहाकाठी मांडवाचे खांब रोवलेसुद्धा.

मंजुळाबाईंनी डोक्यावरची गाडगी उतरवलीच नाहीत.

"जिथी ते म्हातारी पिल्लं ठेवते, तिथीच माहे बी लेकरं राहतीन," म्हणाल्या आणि चालू लागल्या. भासऱ्यांपुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, मला तोंड उघडायची सोय नव्हती, पण पाय उचलायला कोणी बंदी केली नव्हती. मीही गेले मागोमाग.

एका घरच्या दोन चुली झाल्या. नदीभर चेष्टा. मंजुळाबाई काही साधुसंत नव्हत्या हं. पाणमांजरांनी जाळं फाडलं की म्हातारीच्या सात पिढ्या उद्धारायच्या आणि शिव्या देत देतच ते सांधायला बसायच्या. पण जेठात रुंद डोह तापला, हिरवा पडला, मासे उलटे तरंगायला लागले. आमच्या डोहात खडकातून झिरा होता, पाणी गार.

आमचे हे तर आधीच येऊन पसरले होते. भाऊजी पहिल्यांदा आले ते विस्तव मागायला. मग मीठ मागायला. मग जाळं घेऊन आले, इथली सावली बरी म्हणे. शेवटी एका संध्याकाळी खाटच डोक्यावर घेऊन हजर. तिकडे वाळवी लागली, म्हणाले. वाळूत वाळवी! मी पदर तोंडात कोंबला. मंजुळाबाईंनी वरसुद्धा पाहिलं नाही. "बसा, भात झाला हाये," एवढंच म्हणाल्या. भाऊजींनी चूक जन्मात कबूल केली नाही, आणि त्यांनीही कधी ती कबूल करून घेतली नाही. मला त्या फार आवडायच्या त्यासाठी.

आता जाऊबाईंची तेरवी झाली आणि भाऊजींनी यापुढे कुठे राहायचं यावर घरचे बसले. मुलाचं बल्लारपूरला पक्कं घर. नळ आहे, पंखा आहे. सिंदेवाहीला लेकीच्या दोनच खोल्या, त्यात चिल्लीपिल्ली. शिवाय लेकीच्या दारी राहिलं की आमच्यात लोक नावं ठेवतात. सगळ्यांनी बल्लारपूर ठरवून टाकलं. भाऊजी ऐकत होते... मग उठले, उशी बगलेत मारली आणि लेकीला म्हणाले, चाल.

"बाबा, काऊन? तिथी जागा कुठी हाये?" मुलगा म्हणाला.

"लेकरं तिथी हायेत," भाऊजी म्हणाले. "तुही माय असती तं तिथीच गेली असती. अन् तिचं बरोबरच असे."

हे ऐकायला जाऊबाई हव्या होत्या हो.

परवा सिंदेवाहीला जाऊन आले. दुपारची वेळ. खाटेवर नातवंडं आडवीतिडवी झोपलेली, आणि भाऊजी खाली चटईवर बसून त्यांच्यावरच्या माश्या वारत होते... अगदी जाऊबाई बसायच्या तसे.