जावयानं करपवलेली कोंबडी

काकवी मी सुरुवातीलाच फासली. तेरियाकी नावाच्या त्या जपानी सॉसमध्ये सोया सॉस, आलं, लसूण आणि साखर घालायची, आणि कोंबडी भाजत आली की शेवटी लावायचा, असं मोबाइलवरच्या बाई सांगत होत्या. पण घरात गुऱ्हाळाची काकवी असताना साखर कशाला, हा आम्हा ऊसवाल्यांचा ताठा. अख्खी कोंबडी चारी अंगांनी माखून ओव्हनमध्ये सारली. थोड्या वेळानं काचेतून पाहिलं, तर काळीठिक्कर.

एरवी हसून बाहेरून बिर्याणी आणली असती. पण हॉलमध्ये सासरे बसले होते. सासूबाई गेल्यापासून त्यांचं जेवणच तुटलं होतं. बायकोनं त्यांना म्हसवडहून साताऱ्याला आणलं, तरी ताट समोर आलं की "भूक न्हाई गं" म्हणून बाजूला सारायचे. मनगटावरचं घड्याळ कोपराकडं घसरायला लागलं होतं. पलटणीत असताना मेसमध्ये अख्खी भाजलेली कोंबडी मिळायची, असं ते एकदा बोलले, आणि "उद्या मी करतो" हे माझ्या तोंडून निघून गेलं. तोवर मला फक्त चहा जमत होता.

मांडीत सुरी खुपसली, तर लालसर पाणी आलं. वर कोळसा, आत कच्ची. म्हाताऱ्याचं पोट बिघडलं तर? फॉइल गुंडाळून परत आत ठेवली आणि ओव्हनसमोर स्टूल टाकून बसलो. 

"अहो, तुम्हीपण ओव्हनमध्येच बसा, लवकर होईल," बायको म्हणाली. पण तिचंही लक्ष हॉलकडंच होतं.

शेवटी पाणी स्वच्छ आलं. ताट मीच नेलं.

"भूक..." म्हणाले आणि थांबले. लेकीचं ताट सारता येतं. जावयानं स्वतः रांधून आणलेलं कसं सारणार? जन्मभर जावयाला आग्रह करकरून वाढलेला माणूस तो.

"आवं जावईबापू, ही कोंबडी हाय का टायर?"

त्यांनी काळी साल सोलून एक तुकडा तोंडात टाकला.

"आतनं मऊ हाय. पर गोड कशापायी केलंसा?" दुसरा तुकडा. "मीठ न्हाई." मग तंगडी. "भाकरी हाय का गं?"

बायको भाकरी आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

नंतर मी ओव्हनचा करपलेला ट्रे खरवडत होतो. ती शेजारी उभी राहून म्हणाली, "आता चांगली करायला शिकू नका हं. नावं ठेवायला का होईना, बाबा जेवतात."